मे महिन्यातलं लग्न आणि जूनमधला कायदा

आमच्या आजोळी नानांच्या लोखंडी ट्रंकेत दोन लग्नपत्रिका जपून ठेवलेल्या आहेत. एक थोरल्या मावशीची, मे १९९४ ची. दुसरी माझ्या आईची, १९९८ ची. मावशीच्या पत्रिकेवरचा गणपती लाल शाईत आहे, आईच्या पत्रिकेवरचा सोनेरी. लहानपणी मला दोन्हींत एवढाच फरक दिसायचा. मागच्या वर्षी कळलं, की या दोन तारखांच्या मधोमध एक कायदा उभा आहे आणि त्याने एकाच आईवडिलांच्या दोन लेकींना अकरा वर्षं वेगवेगळं मोजलं होतं.

त्या कायद्याबद्दल आज लिहायचंय. पण त्याआधी मैत्रिणींनो, एक कबुली.

नाना २०२२ मध्ये गेले. आजी त्यांच्या बरीच आधी गेली होती. वर्षश्राद्ध आटोपलं आणि मामा कागद घेऊन आला. हक्कसोडपत्र. मामा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. नानांच्या शेवटच्या आजारपणात रात्री जागला तो मामाच, बोअरचं कर्जही त्याच्याच डोक्यावर आहे. तो म्हणाला, "ताई, नुसती फॉर्मॅलिटी आहे. सातबारा एकाच्या नावावर असला की बँकेचं काम सोपं होतं." घरात जास्त शिकलेली, वर लिहिण्याची नोकरी करणारी म्हणून कागद माझ्या हातात आला. मी तीन पानं वाचली. आईच्या नावातली एक वेलांटी चुकली होती, ती दाखवली आणि म्हणाले, "बाकी ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात आईचा फोटो निघाला, अंगठा उमटला, सही झाली. दहा मिनिटं लागली असतील. परतताना मामाने सगळ्यांना उसाचा रस पाजला.

मावशी त्या दिवशी आलीच नाही. गुडघे दुखतायत म्हणाली.

आपण काय वाचलं होतं ते मला कळलं हैदराबादला, ऑफिसच्या कँटीनमध्ये. माझी एक सहकारी गुंटूरकडची. बोलता बोलता ती म्हणाली, की तिच्या आईची माहेरची दोन एकर जमीन आहे आणि यंदा तिथे मिरची लावली आहे. मला वाटलं, भावाने प्रेमाने दिली असेल. तिकडे लेकीला लग्नात हळदी-कुंकवाची म्हणून जमीन देण्याची रीत आहे, हे मी ऐकलं होतं. ती म्हणाली, "तशी नाही. वाटणीत आली. आईचं लग्न १९८८ चं ना, कायद्याच्या नंतरचं." आणि मग अगदी सहज विचारलं, "तुमच्याकडे कधी आला हा कायदा?"

मला उत्तर माहीत नव्हतं. त्या रात्री पहिल्यांदा शोधलं.

आपल्याला वाटतं, असले मोठे हक्क दिल्लीत ठरतात. मुलींच्या वारसाहक्काची गोष्ट मात्र बरीचशी उलटी आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा संसदेने केला, पण वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानेच हक्क मिळायचा तो फक्त मुलाला. त्याला कायद्याच्या मराठीत 'सहदायाद' म्हणतात. (बी. ए. इंग्लिशवाल्या माझ्या जिभेवर हा शब्द बसायला दोन दिवस लागले. अर्थ सोपा आहे, जन्मापासूनचा वाटेकरी.) मुलगी या यादीत नव्हती. वडील गेल्यावर त्यांच्या वाट्यातला तुकडा तिला मिळायचा, एवढंच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हिंदू कोड बिलात याहून बरंच जास्त हवं होतं. ते बिल रखडलं, हे त्यांच्या १९५१ मधल्या राजीनाम्याचं एक मोठं कारण होतं, हे शाळेत एका ओळीत शिकलो होतो. त्या ओळीचा माझ्या आईच्या जमिनीशी संबंध आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचं पाऊल उचललं राज्यांनी. वारसा हा विषय समवर्ती सूचीत आहे. म्हणजे केंद्राचा कायदा असला तरी राज्याची विधानसभा आपल्यापुरती त्यात दुरुस्ती करू शकते, फक्त राष्ट्रपतींची संमती लागते. केरळने तर १९७५ मध्ये कायदा करून एकत्र कुटुंबाची ही पद्धतच मोडीत काढली. आंध्र प्रदेशाने एन. टी. रामाराव मुख्यमंत्री असताना, ५ सप्टेंबर १९८५ पासून, मुलीला मुलाइतकीच सहदायाद केली. तमिळनाडूने १९८९ मध्ये. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोघांनी १९९४ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात, महिनाभराच्या अंतराने.

महाराष्ट्रात हे आभाळातून पडलं नाही. १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं होतं. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती' नावाची मोहीम काढली. शेतकऱ्यानेच आपल्या जमिनीतला काही भाग बायकोच्या नावावर करायचा, कुणी सक्ती न करता. शहरात वाढलेल्या माझ्यासारखीला हे ऐकूनच नवल वाटलं. शेतात राबणारी बाई आणि सातबाऱ्यावरचं नाव यांचा काही संबंध असतो, असा प्रश्न गावातल्या पारावर विचारला गेला, मंत्रालयात नंतर. २२ जून १९९४ हा मुलींच्या कायद्याचा दिवस, आणि राज्याचं पहिलं महिला धोरणही तेव्हाचंच.

आता तारीख पाहा. २२ जून १९९४. आणि मावशीचं लग्न त्याच वर्षीच्या मे महिन्यात.

या चारही राज्यांच्या कायद्यात एक कलम सारखंच होतं. कायदा लागू होण्याआधी जिचं लग्न झालं, तिला तो लागू नाही. कदाचित जुनी प्रकरणं उकरली जाऊ नयेत म्हणून असेल, कदाचित लग्न झालेली लेक परक्याघरची या समजुतीतून असेल. घरोघरी त्याचा अर्थ काय झाला, ते आकड्यांतच बघावं लागतं. मी वहीवर मांडलं. तुम्हीही हवं तर कागद घ्या.

नानांची बारा एकर, सगळी वडिलोपार्जित. आजी हयात नाही. एक मुलगा, दोन मुली. समजा नाना १९९४ च्या आधी गेले असते. जन्मापासूनचे वाटेकरी दोघंच, नाना आणि मामा, सहा-सहा एकर. मग नानांचे सहा एकर तीन मुलांत, दोन-दोन. मामाला आठ, आईला दोन, मावशीला दोन.

समजा नाना १९९९ मध्ये गेले असते. आता आईही जन्मापासूनची वाटेकरी, कारण तिचं लग्न नंतरचं. नाना, मामा, आई, चार-चार एकर. नानांचे चार एकर तिघांत वाटले तर प्रत्येकी एक एकर तेरा गुंठे आणि वर थोडं. मामाला पाच एकर तेरा गुंठे, आईला पाच एकर तेरा गुंठे. आणि मावशीला?

एक एकर तेरा गुंठे.

मी बेरीज तीनदा केली. मुलींसाठी आलेल्या कायद्याने मावशीचा वाटा दोन एकरांवरून एक एकर तेरा गुंठ्यांवर आणला होता. पत्रिकेवरची तारीख पाच आठवडे पुढे असती, तर तिप्पट झाला असता. मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींना कुणी हे सांगितलं असतं, तर त्यांनीही पंचांग मिटून ठेवलं असतं.

म्हणून कायदा वाईट होता का? मी तसं म्हणणार नाही. या राज्यांच्या कायद्यांवर नंतर अभ्यास झाले. जागतिक बँकेच्या क्लाउस डायनिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्र-कर्नाटकातली कुटुंबं पाहिली, तेव्हा कायद्यानंतर लग्न झालेल्या मुलींना जमीन मिळण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, त्यांचं लग्नाचं वय वाढलं, शिक्षणही. भावाच्या बरोबरीला मात्र त्या तरीही पोचल्या नव्हत्या. मला यातली शिक्षणाची गोष्ट फार रोचक वाटते. जमीन हातात यायच्या आधीच, मुलीकडे बघायची घराची नजर थोडी हलली असावी.

आणि राज्यांनी आधी करून पाहिलं, म्हणूनच पुढे दिल्लीला 'हे होऊच शकत नाही' असं म्हणता आलं नाही. बीना अग्रवाल यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी आणि महिला संघटनांनी पाठपुरावा केला आणि ९ सप्टेंबर २००५ पासून संसदेची दुरुस्ती देशभर लागू झाली. तिच्यात लग्नाची अट नाही. लग्न झालेली, न झालेली, मे मधली, जूनमधली, सगळ्या लेकी जन्मापासूनच्या वाटेकरी. राहत्या घराची वाटणी मुलीने मागायची नाही, असं एक जुनं कलम होतं, तेही गेलं.

तरी वकिलांना वादाला जागा उरलीच. त्या तारखेला वडील हयात हवेत का? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने 'हवेत' म्हटलं. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सांगितलं की गरज नाही, हक्क जन्माने येतो, वडिलांच्या हयातीने नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उलटत नाहीत. ही तारीख लक्षात ठेवा, बऱ्याच घरांत वाद इथेच अडतो.

तेव्हा नाना २०२२ मध्ये गेल्यावर आमचा हिशोब असा होता. नाना, मामा, मावशी, आई, प्रत्येकी तीन एकर. नानांचे तीन एकर तिघांत, एक-एक. मामाला चार, मावशीला चार, आईला चार.

म्हणजे ज्या कागदावरची वेलांटी मी दुरुस्त केली, त्यात आईची चार एकर जमीन होती.

हे वाचून कुणी म्हणेल, आईला जमीन नकोच असेल. असेलही. मी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "मला माहेर हवं होतं." मला यावर पटकन काही बोलता आलं नाही. तुमच्यापैकी कितीजणींनी हे वाक्य म्हटलं असेल! पण भावाला वाटा घेतल्यावर बहीण तुटेल अशी भीती का वाटत नाही, हे मला कळत नाही. आणि 'मला नको' म्हणायला आधी 'तुझे चार एकर आहेत' हे कुणीतरी सांगायला लागतं. आईला ते कुणी सांगितलं नाही. मामाला स्वतःलाही नीट माहीत नसावं, आणि कागद वाचणारीला वेलांटी दिसली.

कायदा विधानसभेत होतो आणि सुटतो स्वयंपाकघरात, चहाच्या कपाबरोबर. म्हणून आता राज्यांकडे मागायचं काय, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. वारसा कायदा तर बदलून झाला. पण जमिनीची नोंद, दस्ताची नोंदणी, मुद्रांक शुल्क ही सगळी रोजची कामं राज्यांच्याच हातात आहेत, आणि बाईचं नाव गळतं ते तिथेच.

सातबाऱ्यावरच पाहा. कितीतरी ठिकाणी वारस नोंद होताना भावाचं नाव खातेदार म्हणून लागतं आणि बहिणींची नावं 'इतर हक्क' या रकान्यात जातात. त्याच रकान्यात बँकेचा बोजा असतो, विहिरीच्या पाण्याची पाळी असते, आणि बहीण. किंवा भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलेलं असतं, एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि बाकी कुटुंब त्या तीन अक्षरांत मावतं. मृत्यूची नोंद झाली की सगळ्या वारसांची नावं अर्जाची वाट न बघता एकाच रकान्यात लागावीत, ही मागणी काही क्रांतिकारी नाही. महाराष्ट्राने २०२४ मध्ये सरकारी कागदांवर मुलांच्या नावापुढे आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावायचा नियम केला. फॉर्ममधला एक रकाना हलवता येतो, तर हाही हलेल.

दुसरं हक्कसोडपत्राचं. नोंदणी अधिकारी विचारतो, "सही तुमचीच ना? राजीखुशीने करताय ना?" विचारताना भाऊ शेजारी उभा असतो, मागे रांग असते. बाईला दोन मिनिटं एकटीला बसवून, 'तुम्ही एवढी एवढी जमीन सोडताय' असं गुंठ्यांत सांगणं, आणि सही पक्की व्हायच्या आधी महिन्याभराची मुदत देणं, एवढा बदल राज्याने करावा असं मला मनापासून वाटतं. नोंदणी कायदा केंद्राचा असला तरी राज्यं त्यात दुरुस्त्या करत आलेली आहेत. आज फसवून किंवा दबावाने घेतलेलं हक्कसोडपत्र दिवाणी न्यायालयात रद्द करून घेता येतं, पण फसवणूक लक्षात आल्यापासून साधारण तीन वर्षांत, आणि भावावर दावा लावून. किती बायका जातील?

राज्यांचे छोटे नियम काय करू शकतात, तेही दिसलंय. दिल्लीत घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क पुरुषापेक्षा दोन टक्के कमी. महाराष्ट्राने २०२१ पासून एक टक्का सवलत दिली, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला अट घातली की ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. २०२३ मध्ये ती काढली. सवलतीपुरतं बायकोचं नाव लागतं हे खरं. पण ते नाव उद्या कुणी सहज पुसू शकत नाही, हेही खरंच.

आपला हा अंक महाराष्ट्राबाहेरच्याही कितीतरी जणी वाचतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. गोव्यात गोष्ट वेगळी आहे. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे तिथे मुलांना, मुलगा असो वा मुलगी, आईवडिलांच्या मालमत्तेच्या अर्ध्या भागातून मृत्युपत्रानेही डावलता येत नाही, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी. उत्तर प्रदेशात जमीन असलेल्या मराठी घरांनी मात्र नीट बघावं. तिथल्या २००६ च्या महसूल संहितेत शेतजमिनीच्या वारसांच्या रांगेत विधवा, मुलगे आणि अविवाहित मुलगी पुढे, आणि लग्न झालेली मुलगी आईवडिलांच्याही मागे अशी मांडणी झाली. म्हणजे मावशीची पत्रिका तिथे अजून आडवी येते. शेतजमीन हा राज्याचा विषय, म्हणून हे शक्य झालं. राज्याने दार उघडलं तसं राज्याने ते लोटूनही ठेवलंय, आणि तिथल्या आमदारांना कुणी विचारायचं असेल तर तिथे राहणाऱ्या आपणच.

आधी आपलं नाव कुठे आहे ते बघा. महाराष्ट्राचा सातबारा मोबाइलवर फुकट दिसतो, गट नंबर माहीत असला की झालं. कर्नाटकातली पहाणी, मध्य प्रदेशचा खसरा, गुजरातचा सातबार, हेही ऑनलाइन आहेत. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता असेल तर ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात, वडिलोपार्जितातला स्वतःचा वाटाही देऊ शकतात. त्यामुळे जमीन कुठून आली, हा पहिला प्रश्न. आणि कुणी 'फॉर्मॅलिटी' म्हणून कागद पुढे केला, तर घरातल्या लिहिणारीवर विसंबू नका, वकिलाला दाखवा. अनुभवाचे बोल आहेत.

दिवाळीत मी मावशीकडे सोलापूरला गेले होते. वही नेली होती, तिला तिन्ही हिशोब दाखवले. तिने चष्मा लावून एक एकर तेरा गुंठ्यांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे अकरा वर्षं मी एवढीच होते होय?"

मी विचारलं, "मामाला काय सांगणार आहेस?"

"त्याला फोन केला होता," ती म्हणाली. "म्हटलं, चार एकरातले दोन तूच कसायला ठेव, पण नाव माझं लागू दे. कर्जाचंही बघू, मिळून फेडू."

"मग?"

"काही बोलला नाही. भाऊबीजेला येतो म्हणाला."

हक्कसोडपत्राचा तिचा कागद कपाटात साड्यांच्या खाली आहे, सहीची जागा कोरी. मामा भाऊबीजेला आला. ओवाळून झालं, जेवण झालं, जमिनीचा विषय कुणीच काढला नाही. निघताना त्याने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "ती वही तुझ्याकडेच आहे ना? मलाही एकदा दाखव."